घोंगड्यात बांधलेलं मशीन

मी बी.ए. झालो तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते प्रमाणपत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "आता ह्येचं काय करायचं?" मेंढरांमागं जन्म काढलेल्या माणसाचा तो सरळ प्रश्न होता. मला वर्षभर त्याचं उत्तर देता आलं नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात भांडी घासून, बागेला पाणी घालून मी शिकलो. एका टायपिंग क्लासची झाडलोट करण्याच्या बदल्यात मराठी टायपिंगही शिकून घेतलं. आटपाडीकडच्या आमच्या माळावर परत आलो तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण कळप निम्माच उरला होता.

कारकुनाच्या जागेसाठी चार अर्ज केले, चारही वाया गेले. पाचव्याला उत्तर आलं. सांगलीला सोमवारी सकाळी टायपिंगची परीक्षा, आणि खाली एक ओळ : उमेदवाराने टंकलेखन यंत्र स्वतः आणावे. तेव्हा अशीच पद्धत होती. मी शाळेत उशिरा गेलेला, त्यामुळे पुढच्या भरतीला माझं वय बसणार नव्हतं. जे काही व्हायचं ते या सोमवारीच, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. आईनं तर त्या आठवड्यात मला पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नाही. बोटं दुखतील म्हणून.

मशीन दिलं आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी. शाळेसाठी त्यांनी ते जुनं विकत घेतलेलं होतं, झाकणाची पेटी हरवलेली. "नीट ने आणि नीट आण," एवढंच ते बोलले. कागद नाही, सही नाही. त्यांच्या उपकारांची यादी माझ्याकडे तशीही मोठी होती.

ते न्यायचं कसं, हा प्रश्न आबांनी सोडवला. आपलं खांद्यावरचं घोंगडं काढलं, मशीन त्यात दोनदा गुंडाळलं आणि मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या, वाघरीच्या, दोरीनं करकचून बांधलं. मी म्हटलं, "आबा, एखादं धोतर घेऊ या." ते म्हणाले, "धोतरानं धक्का थांबतोय व्हय? घोंगड्यात कोकरू बांधून मी घाट उतरलोय. कोकराला खरचटलं न्हाई कवा." मला ते पटलं. आमच्या घरात थंडी, पाऊस, काटे, कुत्री, सगळ्यांवर घोंगडं हाच इलाज होता.

शुक्रवारी सकाळी एसटीत चढताना कंडक्टरनं अडवलं.

"हे काय, मेंढरू बांधून आणलंय काय?"

"सरकारी परीक्षेचं मशीन हाय, आवं," आबा म्हणाले.

"मग सरकारला बसवा आत. हे टपावर टाका."

चार-पाच तास ते टपावर आदळत राहिलं आणि खाली बसून प्रत्येक खड्ड्याला माझा जीव आदळत राहिला. आबा निवांत होते. सांगलीत उतरल्यावर स्टँडजवळच्या एका देवळाच्या ओवरीत आम्ही दोरी सोडून मशीन बाहेर काढलं. कुठं पोचा नाही, तडा नाही. आबांनी घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बघ. म्हणलं हुतं का न्हाई?"

मी कागद चढवला. 'क' दाबला. अक्षराची दांडी वर गेली आणि तिथंच राहिली. बोटानं खाली ढकलली. 'म' दाबला, तीच गत. कागदाचा गाडा तर जागचा हलेना. दहा-बारा अक्षरं दाबून पाहिली, एकही दांडी आपणहून खाली येईना.

विचारत विचारत पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पांढरा सदरा घातलेला मेकॅनिक होता, बोलायला गोड. मी तोंड उघडायच्या आत आबा हात जोडून बोलून गेले, "सोमवारी पोराची परीक्षा हाय बघा. त्येच्या आत झालं पायजे. पैशाचं तुमी सांगाल ते देऊ."

इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. लोहाराकडे लोकर कापायची कातर धार लावायला दिली की भाव विचारायचा नाही. सुगीला त्याला ज्वारी जाते, कातरणीला लोकर जाते, आणि तो मागेल त्यात कुणी खळखळ करत नाही. कामाआधी "किती घेणार?" असं विचारणं म्हणजे त्या माणसावर संशय घेणं. लोहारही गावातच राहणार, आपणही गावातच, म्हणून ती रीत चालते. आबांनी तीच रीत सांगलीच्या पेठेत आणली, आणि पदवी घेऊन शेजारी उभा असलेला मी गप्प राहिलो. मलाही तोवर दुसरी रीत माहीत नव्हती.

मेकॅनिकनं दोन अक्षरं दाबली. मान हलवली.

"मेन स्प्रिंग गेली. दांड्या बसतात तो सगळा भाग झिजला. कागद फिरतो तो रूळपण गेलाय. रविवारी दुकान बंद असतं, पण तुमच्यासाठी उघडीन." मग एक दांडी बोटानं खाली ढकलून, "दीडशे होतील."

दीडशे. आबांच्या कोपरीच्या खिशात सगळे मिळून तीस होते, परतीच्या तिकिटासकट. आबांनी मात्र वीस रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "देतो. रविवारी आणतो."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आबा, कुठनं आणायचे?"

"उद्या आटपाडीचा बाजार हाय की."

"कुठल्या मेंढ्या काढणार?"

"ते तुला काय करायचंय? तू बोटं संभाळ," ते म्हणाले आणि दुपारच्या गाडीत बसले. गाडी हलली तेव्हा घोंगड्याचं टोक खिडकीतून बाहेर आलेलं दिसत होतं.

शनिवारी सकाळी मला काही सुचेना. ओवरीत बसून मांडीवर बोटं आपटत होतो, पण अक्षरं डोक्यात राहत नव्हती. चालत कोर्टाकडे गेलो. तिथं झाडाखाली अर्ज टाइप करून देणारे बसत. त्यातल्या एका म्हाताऱ्या टायपिस्टाला विचारलं, "अर्धा तास मशीनवर हात चालवू देता का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोमवारच्या परीक्षेचा काय? कालपासनं तू तिसरा. तुझं मशीन कुठाय?"

मी सगळं सांगितलं. स्प्रिंग, रूळ, दीडशे. त्यांचा हात थांबला.

"पडलं होतं काय?"

"नाही."

"दांड्या वर जाऊन चिकटतात? सगळ्याच?"

"हो."

"स्प्रिंग गेली तर सगळ्या दांड्या कशाला चिकटतील रे? तिचा नि त्यांचा काय संबंध? आणि एका दिवसात झिजतोय काय तो भाग? कशात बांधून आणलंस?"

"घोंगड्यात."

ते हसायला लागले. शेजारच्याला म्हणाले, "ऐकलंस काय? घोंगड्यात! कालचा तो गोणपाटात घेऊन आला होता." मग माझा चेहरा पाहून हसू आवरलं आणि आपलं मशीन माझ्याकडे वळवलं. दांड्या जिथं फटीत बसतात तिथं बोट ठेवलं. "इथं तेल असतं. घोंगड्याची लोकर तुटते, तेलाला चिकटते, फटीत जाते. तुझ्या बापानं दोरी आवळली असंल, वर टपावरचे हादरे. गाड्याच्या चाकातपण तेच गेलं असणार. दात घासायचा ब्रश, पेट्रोल, एक चिमटा आणि दोन तास. पाच रुपये. फार तर आठ."

मी त्यांच्या ब्रशकडे बघत बसलो. पाच रुपये म्हणजे आमच्याकडं होते. खिशात होते.

ते बोलतच होते. फीत बदलायला किती, रुळाचं रबर नवं चढवायला किती, स्प्रिंगला किती, सगळं त्यांना पाठ होतं. "आणि ऐक. दुकानात शिरलास की आधी विचार, काय बिघडलंय, दाखवा. मग विचार, किती. खोलायच्या आधी. दोन दुकानं फीर. घाई आहे म्हणून कुणाला सांगू नको. आणि नवा भाग घातला म्हणाला की जुना मागून घे. तुझा आहे तो."

आम्ही यातली एकही गोष्ट केली नव्हती. जी करायची नाही ती मात्र दुकानात शिरताच हात जोडून केली होती.

मी तिथून पळत निघालो. पेठेपेक्षा आधी स्टँड आठवला. आटपाडीची पुढची गाडी बाराला होती. ती पोचेपर्यंत बाजार उठलेला असणार. आमच्या वाडीला फोन नव्हता. आबा त्या क्षणी बाजारात उभे असतील, कुणीतरी मेंढीच्या पाठीवर हात फिरवून तिचं वजन पाहत असेल. मी गाडीच्या पाटीखाली उभा राहिलो आणि मला जोरात ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. लोक होते.

दुकानात गेलो. मेकॅनिकला म्हणालो, "मशीन परत द्या. नुसतं साफ करायचं होतं."

त्यानं शांतपणे टेबलाकडे हात केला. मशीनचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरलेले होते. "ने की. गोणी आणलीस काय?" मग हलक्या आवाजात, "तुझ्या बापानं शब्द दिलाय, पोरा. मी मागितलेलं नाही. त्यानं स्वतः दिलाय."

त्या पसाऱ्याच्या कडेला लिंबाएवढा एक काळा-तपकिरी बोळा होता. तेलानं माखलेला. तरी मी तो ओळखला. लहानपणापासून त्याच लोकरीखाली झोपत आलो होतो.

दोन मेंढ्या विकून आबा रविवारी दहाला आले. डोळे लाल, पायजमा नडगीपर्यंत धुळीनं भरलेला. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. ओवरीपासून दुकानापर्यंत चालताना दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी ते आपणहून म्हणाले, "एक बरं झालं बघ. घोंगडं हुतं म्हणून एवढ्यावर भागलं. न्हाईतर टपावर पार भुगा झाला असता." मी तोंड मिटलं.

दुकानात मशीन जोडून ठेवलेलं होतं. 'क' दाबला. वर गेला, खाली आला. गाडा सरकला. आबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मी म्हणालो, "जुनी स्प्रिंग द्या."

"भंगारात गेली."

"आणि जुना रूळ?"

"गप ए," आबा मला म्हणाले. "मानसावर इस्वास ठेव."

"मी फक्त जुना भाग मागतोय, आबा. आपला आहे तो."

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. टेबलाच्या कडेचा तो बोळा दोन बोटांत उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "हे घे. आतनं निघालंय ते एवढंच. सांग तूच बाबांना, काय आहे ते."

आबा वाकून बघायला लागले. ते घोंगडं त्यांच्या खांद्यावर होतं. एक वाक्य पुरलं असतं. दीडशेचे कदाचित वीस झाले असते. शब्द दिलाय म्हणून आबा अडूनही बसले असते, पण मी निदान बोललो असतो. आणि ते परतीच्या गाडीत बसले असते हे समजून, की पोराचं मशीन आपण बिघडवलं आणि दोन मेंढ्या त्यापायी गेल्या.

"धूळ आहे, आबा," मी म्हणालो आणि बोळा खिशात घातला.

त्यांनी उरलेल्या नोटा मोजून ठेवल्या. वर मेकॅनिकला म्हणाले, "लय उपकार झालं तुमचं." त्यानं मान खाली घातली. एवढं मात्र मी पाहिलं.

निघताना आबांनी घोंगडं काढून मशीनवर टाकायला घेतलं. मी ओरडलोच, "नको!" ते दचकले. मी म्हणालो, "असू द्या तुमच्याच अंगावर. मी डोक्यावर नेतो." म्हाताऱ्या टायपिस्टाकडून शनिवारी संध्याकाळीच जुनं मेणकापड मागून आणलं होतं, मशीन त्यात बांधलं.

सोमवारी मी टाइप केलं. काय केलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की प्रत्येक दांडी खाली येते की नाही हे मी अक्षरागणिक बघत होतो. मशीन हेडमास्तरांना नीट पोचलं. दीड महिन्यानं साताऱ्याच्या एका कचेरीत रुजू व्हायचा कागद आला. त्या बाजारात गेलेल्या दोन मेंढ्यांतली एक गाभण होती, हे आईकडून कळलं. आबांनी कधी सांगितलं नाही.

पुढं कचेरीतली मशीनं दुरुस्तीला पाठवायचं काम माझ्याकडे आलं. काय बिघडलंय ते दाखवा, किती घेणार, जुना भाग परत हवा. दुकानदार मला चिकट म्हणत. शिपाई माझी नक्कल करत. मी ऐकून घेई. कचेरीचे पैसे मी वाचवले, हे खरं आहे. पण ते वाचवताना दर वेळी मला दुसरंच दुकान दिसायचं.

एकदा आबा साताऱ्याला आले. माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी मशीनवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं.

"धूळ बसतीया रं. त्या दिवशीबी धूळच निघाली हुती की. असं उघडं कशाला ठेवतोस? पुढच्या खेपंला एक घोंगडं आणतो."

शेजारचे कारकून हसले. मी म्हणालो, "आणा, आबा."