शेवंताकाकींच्या ओट्यावर, एका गाऱ्हाण्यासाठी

शेवंताकाकींच्या सुनेचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरच्या स्टँडवर मालवणच्या एस.टी.त बसले. नाव बदललं आहे, गावाचं लिहीत नाही. का ते पुढे कळेलच.

तीन वर्षांपूर्वी लोकपरंपरांवरच्या संशोधनासाठी मी त्यांच्या गावात गेले होते. देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, एकेका घरासाठी गाऱ्हाणं घालत होता. त्या घरातलं दुखणं तो मोठ्यानं देवाला सांगतो आणि जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. काकींचं गाऱ्हाणं मुंबईला गेलेल्या मुलासाठी होतं: त्याला सुधार, घरी आण. बाकीचं पुन्हा लिहिणार नाही. विचारूनच रेकॉर्ड केलं होतं. गेल्या वर्षी ते याच ब्लॉगवर टाकलं. 'काय गोड भाषा!' अशा तुमच्या प्रतिक्रिया आल्या. मी खूश होते.

सुनेनं फोनवर सांगितलं: मुलाच्या ऑफिसात कुणीतरी ते, त्याच्या नावासकट, सगळ्यांना ऐकवलं. त्या दिवसापासून त्याचा घरी फोन नाही. गणेशचतुर्थीलाही तो आला नाही.

जाणाऱ्यांसाठी: घाटात वळणांनी मळमळतं, रिकाम्या पोटी बसू नका. फोंडाघाटला गाडी थांबते, गरम भजी मिळतात. माझी कागदातच थंड झाली. मालवणात उतरून रिक्षा केली. जानेवारीतला समुद्र इतका निळा होता की मला त्याचा रागच आला.

काकी ओट्यावर बांगडे साफ करत होत्या.

"काय गो बाय, आज मेशिन नाय हाडलंस?"

"नाही आणलं, काकी."

"बरा केलंस. बस."

मी माफी मागितली. ते काढून टाकते म्हणाले. सून दारात उभी होती. काकींनी विळीवरून हात उचलला नाही.

"कितक्यांनी ऐकल्यानी ता?"

"तीनेकशे असतील."

"आणि व्हय कितक्यांनी म्हटल्यानी?"

मला कळलं नाही. त्या वैतागल्या. "गो, गाऱ्हाणा ऐकता तेणी व्हय म्हणूचा लागता. नुसता ऐकान जावचा म्हणजे दुसऱ्याच्या घरात वाकान बघूचा. तू तरी म्हटलं होतंस मां?"

"नाही. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येऊ नये म्हणून गप्प बसले होते."

"म्हणजे एक व्हय कमीच पडला," म्हणून काकी हसल्या. सून हसली नाही.

मग त्यांनी मला जेवायला बसवलं. बांगड्याचं तिखलं आणि भात. इतकं चांगलं जेवण त्या दिवशी माझ्या वाट्याला यायला नको होतं. निघताना विचारलं, हे सगळं लिहू का? "लिही. पण माझा नाव नको. आणि तेका वाचूक मिळाला तर सांग, आवस रागावलेली नाय म्हणान." आवस म्हणजे आई.

परतीला कुडाळची गाडी धामापूरवरून जाते. तळं जरूर बघा म्हणतात. मी उतरले नाही.

घरी आल्यावर ते काढण्याआधी एकदा ऐकलं. सगळे व्हय म्हणतात, आणि अगदी माइकजवळ एक श्वास ऐकू येतो. तो माझा. आणखी दोन ब्लॉगांनी ते उचललं होतं. एकानं लगेच काढलं, दुसऱ्याचं उत्तर नाही. संस्कृती जपून ठेवण्याबद्दल मी अनेक व्याख्यानं दिली आहेत. ऐकणाऱ्याकडेही काही काम असतं, हे त्यांतल्या एकातही नव्हतं.

काल सुनेला फोन केला. मुलाचा फोन अजून नाही.

तो ऑडिओ कुठे गेला, असं तुमच्यातल्या काहींनी विचारलंय. तो मी काढून टाकलाय. पण ज्यांनी ऐकलाय त्यांनी, असाल तिथे, एकदा व्हय महाराजा म्हणा. मी काल म्हटलं.