एरर आली तर या नंबरवर

कंसकाका फोनला कंटाळले होते. कंटाळले म्हणजे साधेसुधे नव्हेत, पार विटले होते. घंटी वाजली की डोक्यात तिडीक जायची. आणि गंमत अशी, की ही ब्याद दुसऱ्या कुणी त्यांच्या गळ्यात बांधली नव्हती. त्यांनीच हौसेनं बांधून घेतली होती.

तरुणपणी ते एका छापखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथे मजकुराचे ढीग येऊन पडायचे. कॉम्प्युटरला कळावं म्हणून तुकड्या-तुकड्याला एक्सएमएलच्या खुणा लावायच्या. टोकदार कंसात खूण उघडा, मजकूर लिहा, खूण बंद करा. एखादी बंद करायची राहिली की अख्खी फाइल बोंबलली! मग काकांनी एक छोटंसं मॉड्यूल लिहिलं. कुणीही ते आपल्या प्रोग्रामला जोडावं. ते खुणा तपासणार आणि चुकलेली ओळ बरोब्बर दाखवणार. तेव्हापासून ऑफिसात ते कंसकाका झाले. मॉड्यूल त्यांनी फुकट वाटलं, आणि अंगात रग होती ना, पडद्यावर येणाऱ्या एररच्या संदेशाखाली घरचा फोन नंबर घातला. अडलात तर फोन करा म्हणे!

लोक अडले. ग्रंथालयं, वर्तमानपत्रं, दवाखाने, कुठे कुठे पोचलं ते मॉड्यूल, देव जाणे. जेवायला बसावं तर फोन, जरा डोळा लागावा तर फोन. काकू धावत जाऊन उचलायच्या, आणि अडलेला माणूस असला की रिसीव्हर काकांच्या हातात द्यायच्या. काका रिटायर झाले, फोन काही रिटायर झाला नाही. नंबर काढून त्यांनी नवीन आवृत्तीही केली, पण घेतो कोण? जुनं चालतंय ना, मग हात कशाला लावा! नोकरीत असते तर काकांनीही हेच केलं असतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, लाइनच कापून टाकायची.

"फोन काढायचा नाही," काकू म्हणाल्या.

"का? मोबाइल आहे की."

"मला नाही त्यावर धड ऐकू येत."

"तुला कोण फोन करतंय एवढं?"

काकू कुणाच्या फोनची वाट बघतात, ते दोघांनाही ठाऊक होतं. मुलगा. काकांनी त्याला आपल्याच ऑफिसात चिकटवला होता. तो ते सोडून मोटारींच्या गॅरेजात कामाला लागला. त्या दिवशी काका नको ते बोलून बसले. "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस," म्हणाले. पोरगाही बापासारखाच हट्टी, त्यानं ठेवलं नाही. पुढे त्याचा मोबाइलही लागेना. वर्षं गेली. काका आता इतके थकले होते की राग धरायचंही त्राण उरलं नव्हतं. पण त्याला शोधायला निघायचं त्राण तरी कुठून आणायचं? आणि पोराशिवाय घर खायला उठायचं, हे कबूल कुणापाशी करायचं?

फोन कंपनीचा माणूस दुपारी यायचा होता. काकूंची सकाळपासून नुसती भांड्यांची आदळआपट चालली होती. मग त्या कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेल्या, आणि नेमका फोन वाजला. काका करवादतच उठले.

"बोला. ओळ कितवी?"

पलीकडे काहीतरी दणादण ठोकत होते. मग दबका आवाज आला, "एरर आलीये."

"ते कळलं हो. ओळ कितवी दाखवतंय?"

"ओळ... ती दिसत नाहीये."

"दिसत नाही म्हणजे काय? हा नंबर वाचलात ना, त्याच्याच वर लिहिलेली असते. डोळे उघडून बघा की जरा!"

पलीकडे ठोकाठोकी तेवढी चालू.

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ज्याला नंबर दिसतो, त्याला ओळ दिसतेच. ओळ न दिसता नंबर ठाऊक असायला माणूस घरचाच हवा.

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. चुकलो म्हणायचं होतं, कसा आहेस विचारायचं होतं. किती वर्षं मनात घोकून ठेवलं होतं, आणि आता काही म्हणता काही सुचेना.

"ठेवू नकोस," ते म्हणाले. "ठेवू नकोस रे बाबा. आईला बोलावतो."

काकू ओल्या हातांनीच आल्या. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"करतो अधूनमधून," त्या रिसीव्हर घेत हळूच म्हणाल्या. "तुम्ही उचललात तर एररचं नाव सांगायचं, असं ठरलं होतं आमचं."

"मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

काकू पाठ फिरवून फोनवर बोलू लागल्या, जेवलास का, पाठीचं दुखणं कसं आहे, आणि काका तिथेच उभं राहून ऐकत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात फोन कंपनीचा माणूस, हातात पक्कड.

"काका, लाइन कापायची ना?"

"कुणी सांगितलं तुला?" काका त्याच्यावर खेकसले. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना. "अरे, अडलेल्या माणसांचे फोन येतात या नंबरवर. कापून कसं चालेल?"