आंघोळीचा चौथा नंबर

सकाळी उठलं की पंचफुला आधी उशी उलटी करायची. रात्रभराच्या घामानं तिची एक बाजू चिंब झालेली असे. ती बाजू उन्हाकडं करून, पदरानं गळा पुसत ती अंगणात यायची. पदर नायलॉनचा. त्यानं घाम टिपला जात नसे, नुसता इकडचा तिकडं सरकायचा.

औशात त्या वर्षी बहुतेक बायकांनी सुती लुगडी पेटीत घालून ठेवली होती. सुती लुगड्याला धुवायला दोन बादल्या लागत. नायलॉनचं पातळ अर्ध्या बादलीत निघे. लातूर जिल्हा होऊन हा चौथा उन्हाळा. तिकडं नव्या कचेऱ्या झाल्या, नव्या पाट्या लागल्या, जीपगाड्या फिरू लागल्या. पाण्याचं मात्र होतं तेच. गल्लीच्या तोंडाशी टँकर दोन दिवसांआड यायचा, आणि त्यावर चार माणसांचं घर रेटायचं.

म्हणून आंघोळीचे नंबर ठरलेले होते. पहिला पंचफुलाच्या नवऱ्याचा, मन्मथचा. त्याला साडेसातच्या एसटीनं लातूरला कलेक्टर कचेरीत जायचं असे. दुसरा सासऱ्यांचा, चंद्रप्पांचा. त्यांची लिंगपूजा तासभर चाले. तिसरा सासूचा, केवळाबाईंचा. पंचफुला चौथी. तोवर रांजण खडखडायला लागे. मग पिण्यापुरतं शिल्लक ठेवून ती वेशीजवळच्या हातपंपावर रांगेत उभी राही, एक घागर आणी आणि त्यातल्या दोन तांब्यांत आंघोळ उरके. अकरा वाजून जात. तोपर्यंत तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नसे. घर लिंगायताचं. आंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि मगच तोंडात काही घालायचं.

तशी रीत सगळ्यांचीच होती. पण दुखल्याखुपल्याला, पोटुशीला सूट असे. ती सूट पंचफुलानं आपणहून सोडली होती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं पहिलं पोटातलं गेलं. त्याच्या आदल्या सकाळी भूक अनावर झाली म्हणून तिनं पूजेआधी शिळ्या भाकरीचा तुकडा खाल्ला होता. कुणी पाहिलं नव्हतं. पण शिवानं पाहिलं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. यावेळी दिवस राहिले तसा तिनं मनाशी नेम धरला, की पूजेआधी थेंबसुद्धा घ्यायचा नाही. नेम कुणाला सांगितला नाही. सांगायचा तर भाकरीचंही सांगावं लागलं असतं.

आठवा लागला आणि घामानं ताळतंत्र सोडलं. गुडघ्यांच्या मागं, छातीखाली, पाठीच्या पन्हाळीत, बसल्या जागी धारा लागत. भाकरी थापता थापता कपाळावरची विभूती भुवयांत उतरे. घामोळ्यांनी मान चरचरे. एकदा तर ही विभूतीच काखेत चोपडावी असं तिच्या मनात आलं आणि तिनं लगेच दोन्ही गालांवर मारून घेतलं.

शेजारच्या सुमनबाईंनी सांगितलं, "पाणी कमी पी ग. जितकं पिशील तितकं गळशील, फुटक्या रांजणावानी."

पंचफुलाला ते पटलं. दुपारनंतरही ती बेतानंच पिऊ लागली. घाम कमी झाला नाही, लघवी तेवढी पिवळीजर्द झाली. पण बोलणार कुणाला? रांजणात पाणी उरतंय म्हणून घरात सगळे खूश होते.

सोमवारी घरचे गुरू जंगमस्वामी आले. लिंगायतांत आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराच्या नावानं लिंग देतात. स्वामींनी ते पूजा करून पंचफुलाच्या अंगावर बांधलं. आता एका देहावर दोन लिंगं. दिवसभर तिला धन्यही वाटलं आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या रांगेत तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. घागर घरंगळली. सुमनबाईंनी काखेत हात घालून तिला घरी आणलं आणि तशाच दवाखान्यातल्या उमाबाई नर्सला बोलवायला पळाल्या.

उमाबाईंनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली.

"सकाळपासून काय पिलीस?"

पंचफुलानं रांजणाकडं नुसतं बघितलं.

"लेकरू कधी हललं?"

ती आठवू लागली. सकाळी नाही. रात्री? रात्रीही नाही. अंगावरचा सगळा घाम एकदम गार पडला.

उमाबाईंनी तांब्याभर पाण्यात मीठ-साखर कालवून तांब्या तोंडाशी धरला. पंचफुलानं मान फिरवली. "पूजा व्हायचीय, बाई."

"अगं, पोरगं आत मुकं झालंय आन तुला पूजा सुचते!"

तेव्हा तिला रडू फुटलं. रडतारडताच सगळं बाहेर आलं. भाकरीचा तुकडा, दोन वर्षं, नेम. केवळाबाई दाराशी उभ्या होत्या. आता त्या काय बोलतील म्हणून सुमनबाई पंचफुलाला खेटून बसल्या.

केवळाबाई आत येऊन खाली बसल्या.

"खुळे, तुकडाभर भाकरीनं लेकरू जातंय व्हय? मन्मथाच्या वक्ताला मी पहाटंच उठून फडताळातला गूळ चोरून खात हुते. काय झालं त्याला? आज कचेरीत खुर्ची घासायलाय."

"पण आत्याबाई, माझं गेलं ना..."

"गेलं. माझीबी दोन गेली. कशानं गेली ते शिवालाच ठावं." त्यांनी तिच्या पोटाकडं बघितलं. "काल ह्याच्या नावाचं लिंग बांधलं. हे दिसरात पाण्यातच बसलंय. तू न्हालीस काय न न्हालीस काय, ह्याची आंघोळ कशापायी आटवायलीस?"

त्यांनी ओल्या फडक्यानं पंचफुलाचे हात, तोंड, मान पुसली. कपाळाला विभूती लावली. दोन्ही लिंगं तिच्या तळहातावर ठेवून, वर पळीभर पाणी सोडलं. "झाली पूजा. आता पी."

ती प्याली. एक तांब्या, मग थांबून दुसरा. उमाबाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि लाकडी नळी पोटाला लावली. "ठोके हायेत," त्या म्हणाल्या. "पण हलल्याबिगर मी उठायची न्हाई." अर्ध्या तासानं पोटाची उजवी बाजू उचलली गेली. केवळाबाईंनी तिथं हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

जाताना उमाबाई बजावून गेल्या. घाम या दिवसांत येतोच, त्याला थांबवायच्या मागं लागू नको. सुती नेस. ताकात मीठ घाल. पाणी मागून मागून पी. पुन्हा चक्कर आली, पोर गप्प झालं, तर तडक दवाखान्यात.

दुसऱ्या सकाळी मन्मथ टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीशी आला, तर दार आतून लावलेलं.

"आई, माझं पाणी?"

"तुझा नंबर चौथा."

"गाडी चुकंल माझी! आन तसंच गेलो तर साहेब काय म्हणतील?"

"साहेबानं आंघोळ केली का, ते इचार आधी."

पंचफुला न्हाणीत दगडावर बसून ऐकत होती. आत येण्याआधीच तिनं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं होतं, भीतभीतच. न्हाऊन झाल्यावर, पूजेआधी, तिनं पेटीतलं जुनं विटकं सुती लुगडं काढून नेसलं. चुलीपुढं पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत पाठ पुन्हा भिजली. टँकर आज यायचा होता. येईल की नाही, कुणास ठाऊक. तिनं पदरानं गळा पुसला. पदर ओला झाला, गळा थोडा कोरडा झाला. मग पोटावर हात ठेवून, आत हालचाल होईपर्यंत दुसऱ्या भाकरीचं पीठ तिनं तसंच परातीत ठेवलं.