मोठ्या आईचा अंगठा

जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर माझ्या मोठ्या आईजवळ औषध होतं, आणि त्यातलं एकही पोटात घ्यायचं नसे. मोठी आई म्हणजे आईची थोरली बहीण. नागपुरात आमच्या घराला लागूनच तिचं घर. मूलबाळ नव्हतं, म्हणून मी आणि माझी बहीण तिचे हक्काचे रोगी. ताप आला की तळपायाला कांदा, खोकल्याला छातीवर ओव्याची पुरचुंडी, डोकं दुखलं की कपाळावर सुंठीचा लेप, आणि मी गणितात नापास झालो तेव्हा टाळूवर आठवडाभर एरंडेल. थोडं तिनं गणिताच्या पुस्तकालाही लावलं असावं, कारण त्याची पानं पुढे वर्षभर तेलकट होती. "पोट अन्नासाठी देल्लं हाये गा देवानं," ती म्हणे, "त्यात औषधाचा कचरा काहून भरता?"

अन्नाबद्दल बोलायचा तिला अधिकार होता. आमच्या भागात कुणाकडेही लग्न असो, लांब पोळ्या तिच्याच. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत ती पार कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. तिचं लक्ष मात्र पंगतीत कोण कमी जेवतंय याकडे. पण जन्मभर हात ओल्या कणकेत, आणि तिथेच घात झाला. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, मग काळं होऊन त्याचा भुगा सुटू लागला. तिनं कडुनिंब बांधला, लसूण चोळला, बिब्बा घातला तेव्हा तर अंगठा सुजून तिला पाणी प्यायचं भांडंही धरवेना. शेवटी सगळं झाकायला मेंदी. एकाच अंगठ्याला मेंदी लावून हिंडणारी ती नागपुरातली एकमेव बाई असावी. आम्ही हसायचो, तीही हसायची. मग एका लग्नात एका पाहुणीनं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि ताटातली पोळी बाजूला सारली. मोठी आई हात धुऊन घरी आली. "ज्या हाताची किळस येते त्या हातचं कोनी काहून खावं," एवढंच म्हणाली आणि परातीला शिवेनाशी झाली.

पण माझ्या बहिणीच्या लग्नाच्या पोळ्या मीच करीन, असं मोठी आई, बहीण पाळण्यात होती तेव्हापासून, सांगत आली होती, आणि लग्न आता वैशाखात ठरलं होतं. दिवाळीच्या सुमारास मी तिला सदर भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही बुरशी आहे, मुळात बसलेली. रोज जेवणानंतर गोळी, तीही महिनोन्‌महिने, आणि हात कोरडा. जुनं नख बरं होत नाही, मुळातून नवं येतं आणि जुन्याला पुढे ढकलत नेतं. ती मान हलवत राहिली. गोळ्या संपत, मी नव्या आणून देई, हातही ती कोरडा ठेवी, आणि नख होतं तसंच. "पाह्य तुह्या डॉक्टरचं औषध," ती मला ऐकवे. फाल्गुनात एकदा आई तिच्याकडे विरजण मागायला गेली, तर ही खलात गोळी कुटून निंबाच्या तेलात कालवत बसलेली.

"रोग नखाले झाला, तं औषध नखालेच लावन ना," मी जाब विचारला तेव्हा मोठी आई म्हणाली. "पोटानं काय गुन्हा केला गा?"

मला आधी हसूच फुटलं. मग वैशाख किती जवळ आलाय ते ध्यानात आलं आणि मी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर तर हसलेच नाहीत. लग्नापर्यंत आता काही व्हायचं नाही, म्हणाले.

लग्नात पोळ्या दुसऱ्या बाईनं केल्या. मोठी आई चुलीशेजारी पदराखाली हात घेऊन बसली होती आणि नुसत्या तोंडानं पोळ्या करत होती. "झुलव वं, आदळू नको." स्वतः मात्र जेवली नाही. निघताना बहिणीनं पोळीचा तुकडा घेतला, त्यात गोळी गुंडाळली आणि तिच्या तोंडाशी धरली. "मह्या बाळाच्या बारशाले पोळ्या तूच करजो. पन आता गिळत जाय." मोठ्या आईनं डोळे मिटून घास गिळला. "जाऊ दे," म्हणाली, "अन्नासंगं गेली."

त्यानंतर ती रोज तशीच, पोळीच्या घासातून गोळी घेऊ लागली. नखाच्या मुळाशी पहिली गुलाबी कोर दिसली तेव्हा तिनं दूधवाल्याला थांबवून अंगठा दाखवला. बहिणीला दिवस गेल्याचं कळलं तसं तिनं नवं मडकंही आणून ठेवलं. आणि पौषातल्या एका सकाळी ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले. तिच्या औषधांत हृदयाला लावायचं काही नव्हतं.

तिला अंगणात ठेवलं होतं. आई उजव्या हाताशी बसली होती. नख मुळापासून स्वच्छ आलं होतं, टोकाला तेवढी एक काळी रेघ उरली होती. आईनं कात्री मागितली. "आता कशाले वं?" शेजारीण म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. हळूच ती रेघ कापली, अंगठा पदरानं पुसला.

"झाला साफ, बाई," ती आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाली. "आता कोनी पोळी बाजूले सारनार नाही."