दमकाका

दमकाका गाडी दारात आणून उभी करायचे, पण बंद करायचे नाहीत. हँडब्रेक ओढायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि मागं न बघता म्हणायचं, "उतरू नगा. दम घेऊ द्या तिला." आत आम्ही घामाघूम, समोर आई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी, आणि गाडी आपली गुरगुरतेय. कुणी हळूच दार उघडलंच, तर काका आरशातून असे बघायचे की हात आपोआप मागं यायचा. चालू गाडीतून कुणी उतरायचं नाही आणि ड्रायव्हरनं तर नाहीच नाही, हा त्यांचा एसटीतला नियम. नोकरी संपली तरी नियम काही निवृत्त झाला नव्हता.

परभणीकडच्या पालममध्ये आमचं कापडाचं दुकान. गुडघे दुखायला लागल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डिझेल गाडी घेतली आणि शेजारच्या गुलाबरावांना चालवायला बोलावलं. तेच आमचे दमकाका. हे नाव माझंच, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

गाडीत टर्बो होता आणि काकांचा सगळा जीव त्या टर्बोत होता. "एवढंसं चाक हाय बघ आत," ते मूठ वळून दाखवायचे, "पण लय जोरात फिरतं. लालबुंद होतं. तेलावर जगतं ते. तू आल्या आल्या चावी फिरवली की तेल थांबलं, चाक तापलेलंच. मग तेल जळून त्याची काजळी होती. गेला मग तुजा टर्बो!" बंद करण्याआधी उगाच रेस देणाऱ्यांची तर ते भर रस्त्यात खरडपट्टी काढायचे. सकाळीही तेच. गाडी चालू केली की लगेच पळवायची नाही. तेल वर चढेपर्यंत ते डॅशबोर्डवरच्या महादेवाला हात जोडून बसायचे.

तुरी निघायच्या दिवसांत ताडकळसच्या बाजूनं आलं की गाडीवर धुळीचा थर असायचा. काका आधी एअर फिल्टर काढायचे, मग तोंड धुवायचे. इंजिनातलं तेल मोजायची कांडी पुसायला खिशात वेगळा पांढरा रुमाल. एकदा आप्पांनी कुठून तरी सुटं तेल आणलं. काकांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि डबा थेट आमच्या झोपाळ्याच्या कड्यांपाशी नेऊन ठेवला. "हितं चालंल," म्हणाले.

मला पुण्याला नोकरी लागली, ते वर्ष आमच्या घरात वाईट गेलं. त्याच सुमारास आलेलं एक स्थळ मी नाकारलं आणि आप्पांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. नेमके तेव्हाच त्यांच्या डोळ्यांचे उपचार परभणीत चालू होते. आईला गाडी लागते, म्हणून सोबत मीच जायची. आप्पा पुढं, मी मागं. "गुलाबराव, विचारा तिला, पाणी पाहिजे का," आप्पा म्हणायचे. "माय, पानी पायजे का?" काका विचारायचे. "नको म्हणावं," मी म्हणायची. बाई गं! आज हसू येतं, पण तेव्हा जीव नुसता तुटायचा. आप्पा बोलल्याशिवाय घर सोडायचं माझ्यानं होणार नव्हतं, आणि जाण्याचा दिवस तर जवळ येत होता.

निघायच्या आदल्या दिवशी परभणीहून परतलो. पालमचा बाजार भरला होता. वेशीपासून गाडी नुसती सरपटत होती. बैलं, टोपल्या, मोटारसायकली, कुणी बाजूला व्हायला तयार नाही. कशीबशी दारात आली. काकांनी हँडब्रेक ओढला आणि स्वतःच खाली उतरले! "तुमी बसा," म्हणाले, "मी पानी पिऊन आलो. दम घेतल्याबगर बंद करू नगा." चालू गाडी सोडून काका उतरलेले मी पहिल्यांदाच बघत होते. ते लिंबाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून सुपारी कातरत बसले.

आप्पा समोरच्या काचेतून बघत राहिले. मीही. इंजिन चालू होतं म्हणूनच बरं, नाहीतर ती शांतता सोसली नसती.

"पुण्याला थंडी असते म्हणतात," आप्पा अचानक म्हणाले. विचारायला सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"दुकानातली सोलापुरी चादर ने. जाड बघून ने." मग बऱ्याच वेळानं, "आईला फोन करत जा." आणि आणखी थोड्या वेळानं, "मलापण."

मी मागच्या सीटवर ओंजळीत तोंड घालून रडले. काका आले, चावी फिरवली आणि काहीच न घडल्यासारखे फिल्टर काढायला गेले.

पुढं मी स्वतःची गाडी घेतली, तीही टर्बोवाली. सुट्टीत आले तेव्हा काकांनी शेजारी बसून शिकवलं. राणीसावरगावहून परत येताना म्हणाले, "शेवटचं मैलभर सावकाश आणायची. मग तिचा दम वाटंतच बसतो. दारात थांबायचं कामच न्हाई."

मी ब्रेकच दाबला. "काका, मग त्या बाजाराच्या दिवशी? आपण तर वेशीपासून मुंगीच्या पावलानं आलो होतो."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी गाडीचं कोन बोलायलंय?"

गेल्या उन्हाळ्यात दमकाका गेले. मी पुण्याहून पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या सूनबाईंनी तो पांढरा रुमाल माझ्या हातात दिला. माझे आणि आप्पांचे संबंध त्या माणसानं जोडून दिले, आणि कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. त्यांचे उपकार मी कुठं फेडू?

परवा आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं. काकांनी शिकवल्याप्रमाणं शेवटचं मैलभर गाडी अगदी सावकाश आणली. दारात येऊन मी चावीला हात घातला, तर आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे चालू," म्हणाले. "दम घेऊ दे तिला."