माह्यावर सोड

गिऱ्हाईक बियाण्याचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करायला लागलं, की शेठजी गादीवरून पुढे वाकायचे, पाकिटावर आपला पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "माह्यावर सोड." बस, एवढंच. गिऱ्हाईक पाकीट पिशवीत टाकून निघून जायचं. तुम्ही कारंज्याच्या बाजारात बी-बियाणं, पाइप, फवारणीचा पंप असलं काही कधी घेतलं असेल, तर तुमच्याही पाकिटावर तो पंजा पडला असेल. आता शेठजी नाहीत. गादीवर मुलगा बसतो आणि त्याचा हात मोबाइलवर असतो.

माझा छापखाना त्यांच्या दुकानाला लागून आहे. लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं आणि व्यापाऱ्यांची बिलबुकं, यांवर माझा संसार चालतो. बिलाच्या तळाशी एक ओळ असते, ती तुम्हाला पाठ असेल. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही ओळ मी इतक्या दुकानांसाठी छापली आहे, की माझ्या लेकीचं लग्न त्या एका ओळीवर झालं असं बायको म्हणते. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो कोणी शिकवत नाही. अट जितकी कडक, टाइप तितका बारीक.

शेठजींचं बिलबुक पहिल्यांदा छापायला आलं तेव्हा मी सवयीने ती ओळ घातली. नमुना पाहून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ओळीवर काट मारली.

"शेठजी, सगळेच छापतात," मी म्हणालो.

"सगळे भेतात म्हणून छापतात. वापस घ्यायचं नसन तं मी विकून कायले राह्यलो? चोरीचा माल हाय का?"

आज त्याच दुकानाच्या बिलावर ती ओळ आहे, जाड टाइपात आहे, आणि मीच छापलेली आहे. मुलगा नमुना घेऊन आला, मी दर सांगितला, त्याने हो म्हटलं. छापणाऱ्याला मत नसतं.

शेठजींच्या दुकानात सौदा नेमका कधी झाला, हे ओळखायचं एक शास्त्र होतं. गिऱ्हाईक 'पाहतो' म्हणालं, तर तो नकार, फक्त सभ्य. 'ठेवून द्या' म्हणालं, तर तो पक्का होकार. मग तो माल बाजूला पडून राहायचा, दुसऱ्याने जास्त भाव सांगितला तरी हलायचा नाही. पण कोणी 'ठीक' म्हणालं की शेठजी भडकायचे.

"ठीक म्हंजे काय? ठीक तं मी बी हावो, तू बी हायेस. घेतो म्हण, नाई तं पाहतो म्हण."

त्यांच्या हिशेबी 'ठीक' म्हणजे कानावर पडलं, एवढंच. त्याला ना होकाराचं वजन, ना नकाराचं. हा एक शब्द पुढे त्यांच्या गळ्यात अडकला.

एकदा एक गडी फवारणीचा पंप परत घेऊन आला. पूर्ण हंगाम वापरलेला, दांडा वाकलेला, टाकी चेपलेली. टाकीवर बैलाच्या खुराचा ठसा स्वच्छ दिसत होता. शेठजींनी लगेच नवा पंप काढून दिला. मला राहवलं नाही.

"शेठजी, तो बैलानं तुडवलेला आहे."

"मले बी दिसते. पण मी त्याले म्हटलं होतं, काही झालं तं घेऊन ये. काही म्हटल्यावर त्याच्यात बैल बी आला."

मी हसलो, तेही हसले. पण तुम्ही त्यांना साधुपुरुष समजू नका. त्यांना आपल्या शब्दाचा भलता गर्व होता. सकाळी देवळातून येताना त्यांच्या चेहऱ्यावर जेवढं समाधान असायचं, त्याहून जास्त ते पाकिटावर पंजा ठेवताना असायचं. शेजारचे दुकानदार बारीक टाइपाच्या आड लपतात आणि आपण उघड्यावर उभे आहोत, हे त्यांना मनातून फार आवडायचं. मलाही ते आवडायचं, कारण उघड्यावर उभं राहायचा खर्च माझा नव्हता.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक मळेवाली बाई होती. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा, आणि आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बी शेठजींकडूनच न्यायची. अक्षरओळख नव्हती, पण मेथीची जुडी हातात घेऊन ती कोणत्या मळ्यातली ते सांगायची. एका वर्षी शेठजींनी तिला फुलगोबीचं नवं बी दाखवलं. बियाण्याची एक मोठी कंपनी, चकचकीत पाकीट, वर परातीएवढ्या गड्ड्याचा फोटो.

"शेठजी, हे आपल्या इकडं भरीन का?" तिने विचारलं. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

पंजा पाकिटावर पडला. "माह्यावर सोड. गड्डा नाई भरला, तं नुकसान माह्यं."

"मंग ठेवून द्या. संध्याकाळी नेतो," बाई म्हणाली आणि बाजारात बसायला गेली.

गोबी उगवली, वाढली, पानं हत्तीच्या कानाएवढी झाली. गड्डा लिंबाएवढा झाला आणि तिथेच थांबला. शेताची पाहणी करायला सरकारी समिती आली. त्यांनी वरून पाहिलं, खालून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, नेमकं कारण सांगता येत नाही. बाईने सगळा मळा उपटून गुरांपुढे टाकला. मग एक पान आणि एक लिंबाएवढा गड्डा घेऊन ती दुकानात आली आणि गादीसमोर ठेवून नुसती उभी राहिली.

"मी हावो ना," शेठजी म्हणाले. त्यांनी तिच्या आणि माझ्यासमोरच कंपनीच्या माणसाला फोन लावला.

कंपनीच्या माणसाचं बोलणं मोठं गोड होतं. पाकिटाच्या आत एक चिठ्ठी असते, तो म्हणाला. तीवर लिहिलेलं आहे, की पिकाच्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही, फार तर बियाण्याची किंमत परत मिळेल, आणि पाकीट फोडलं म्हणजे या अटी मान्य आहेत असं समजलं जाईल. ती चिठ्ठी मी नंतर पाहिली. धंद्याच्या नजरेने सांगतो, काम उत्तम होतं. एवढा बारीक टाइप आणि एकही अक्षर शाईने भरलेलं नाही. ती वाचायला आधी पाकीट फोडावं लागत होतं, आणि फोडलं की वाचून उपयोग नव्हता.

"ते बाईचं झालं," शेठजी म्हणाले, "माह्यं काय? मी तं तुमचा माल भरोशावर विकला."

त्यावर त्या माणसाने सांगितलं, की नव्या अटी तुम्हालाही मोबाइलवर पाठवल्या होत्या. विक्रेत्याने आपल्या तोंडाने काही हमी दिली तर ती त्याची त्याने निस्तरावी, असं त्यात स्पष्ट आहे. आणि तुम्ही त्यावर 'ठीक' असं उत्तर दिलेलं आहे.

शेठजींनी मोबाइल माझ्या हातात दिला. खरंच, लांबलचक अटींच्या खाली त्यांचा एकच शब्द होता. ठीक.

"अरे, ठीक म्हंजे पोचलं. मी कुठं हो म्हणालो?"

हे त्यांनी मला सांगितलं, मुलाला सांगितलं, वाशीमच्या वकिलालाही सांगितलं. वकील शहाणा माणूस होता, त्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "शेठजी, तुमच्या दुकानात ठीकचा अर्थ काहीही असो, कायद्यात तो होकारच धरतील. आणि अटी मिळाल्यावर तुम्ही माल उतरवून घेतला. तोही होकारच." एवढं आयुष्य ज्यांनी दुसऱ्याच्या 'ठीक'ला किंमत दिली नाही, त्यांचं स्वतःचं 'ठीक' असं पक्कं ठरलं. मला ते ऐकून हसू आलं आणि आपण हसतोय याची लाजही वाटली.

बाईने वाशीमला ग्राहक आयोगात तक्रार केली, कंपनीवर आणि दुकानावर. वकिलाने सांगितलं ते सरळ होतं. बाईकडे लेखी काही नाही. शेठजी हमी दिली म्हणाले, तर सगळं नुकसान त्यांच्या एकट्याच्या अंगावर येईल, आणि तेच बी नेलेले बाकीचे मळेवाले दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतील. नाही म्हणाले, तर सुटतील. मुलगा घरी बापाच्या पाया पडला. "बाबा, तुमच्या बोलण्यावर दुकान चाललं हे खरं. आता तुमच्या बोलण्यानं ते जाईन. मी पोरं घेऊन कुठं जाऊ?"

सुनावणीला मुलगा होताच, शेठजींनी मलाही सोबत नेलं. एसटीत ते सारखे खिडकीबाहेर पाहत होते. आयोगापुढे कंपनीचा वकील बोलला, आपला वकील बोलला, चिठ्ठी दाखवून झाली. मग अध्यक्षांनी बाईला विचारलं, हमी दिल्याचा काही कागद आहे का?

"कागद नाई साहेब," बाई म्हणाली. "पण शेठजी समोर बसले हायेत. त्यायलेच इचारा. ते नाई म्हणले तं मी घरी चालली जाईन."

कंपनीच्या वकिलाला हसू आवरेना. एवढी सोपी तक्रार त्याला कधी मिळाली नसेल. अध्यक्षांनी शेठजींना उभं केलं आणि विचारलं, "पीक न आल्यास नुकसान भरून देईन, असं तुम्ही यांना म्हणाला होतात का?"

शेठजींनी आधी मुलाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या त्या रिकाम्या पाकिटाकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात थोडा उचलला गेला, तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

"नाही, साहेब," ते म्हणाले. शुद्ध म्हणाले, पुस्तकात असतं तसं. त्यांच्या तोंडून 'नाही' एवढं नीट मी कधी ऐकलं नव्हतं.

म्हटल्याप्रमाणे बाईने पिशवी उचलली आणि ती निघाली. पुढे निकालात तिला बियाण्याची किंमत परत मिळाली. शेठजी निर्दोष ठरले. कायद्याने सगळं बरोबरच झालं असेल. मला कायदा कळत नाही, पण त्या खोलीतलं एकूण एक माणूस खरं काय ते ओळखून होतं, आणि कागदावर मात्र उलटं उतरलं, एवढं मला कळलं. माझा राग शेठजींवर होता, मुलावर होता, आणि खरं सांगायचं तर बाईवरही होता. एवढा विश्वास ठेवायचा असतो का माणसाने?

मुलाला तहसीलमध्ये काम होतं, तो मागे थांबला. आम्ही दोघे स्टँडवर आलो. कारंज्याची गाडी लागलेली होती आणि भरत आली होती. कंडक्टरने खालीच तिकिटं दिली. मला मागे जागा मिळाली. शेठजी पुढे गेले आणि मध्येच थबकले. एकच जागा शिल्लक होती, मळेवाल्या बाईशेजारी.

बाईने त्यांना पाहिलं. तिने मांडीवरची पिशवी खाली पायाशी घेतली आणि ती खिडकीकडे सरकली.

"बसा शेठजी," ती म्हणाली. "लय दूर जायचं हाय."

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मी नंतर खूप आठवून पाहिलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेठजी वरची दांडी धरून उभे होते. म्हाताऱ्या माणसाला उभं पाहून आजूबाजूचे लोकही बसा, बसा म्हणायला लागले.

"नाई," शेठजी म्हणाले, "मले इथंच उतराचं हाय, पुढच्या थांब्यावर."

गाडी गावाबाहेर पडली. पुढचा थांबा एका फाट्यावर होता. तिथे एक बंद टपरी होती आणि कडक ऊन होतं. गाडी थांबली. शेठजी दाराकडे निघाले. कंडक्टरने त्यांना अडवलं.

"ओ काका, तुमचं तिकीट कारंज्याचं हाय. हा फाटा हाय."

"मालूम हाय. मी तिले म्हटलं ना, इथं उतरतो म्हणून."

आणि ते उतरले. मी जागेवरून ओरडलो, "शेठजी, काय करता?" त्यांनी वर पाहिलंच नाही. कंडक्टरने घंटी मारली. मागच्या काचेतून ते बराच वेळ दिसत राहिले, रस्त्याच्या कडेला एकटे, पाठ गाडीकडे करून.

बाईही मान वळवून पाहत होती. मग ती सरळ बसली. शेजारची जागा कारंज्यापर्यंत रिकामीच राहिली. मध्ये दोन-तीन जण तिथे बसायला आले, त्यांना बाई म्हणाली, "इथं माणूस हाय."