मिरजेच्या दवाखान्यातून कोरियन सिनेमाला

वाईहून निघाले तेव्हा आभाळ झाकोळलेलं होतं. पौष महिना, पावसाचं काही कारण नव्हतं, पण उजेड म्हणून पडेना. साताऱ्याला गाडी बदलली. सांगलीकडे आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी मी दर वर्षी जाते. या खेपेला ती घरी नव्हती, मिरजेच्या एका दवाखान्यात होती. पोटाचं दुखणं आहे, एवढंच कानावर आलं होतं.

कराड सोडल्यावर एसटी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येत होता. शेजारी दहिवडीकडची एक म्हातारी बसली होती. मुलगा कुपवाडला कारखान्यात कामाला, त्याच्याकडे निघालेली.

"कुणाकडं निगालाय?" तिनं विचारलं.

"बहीण दवाखान्यात आहे."

"दुखनं लय हाय व्हय?"

"माहीत नाही."

 तिनं फडकं सोडून बाजरीची अर्धी भाकरी आणि खरडा (तव्यावर रगडलेली मिरची) माझ्या हातावर ठेवला. खरडा इतका तिखट, की डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याला कारण मिळालं, म्हणून मला बरंच वाटलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर दाजी बसले होते, आक्काचे यजमान. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अंगात जुना खाकी स्वेटर, पाठ ताठ. "आलीस? जा आत," एवढंच म्हणाले. आत खाटेवर आक्का ओळखू येऊ नये इतकी वाळलेली. पायथ्याशी तिची सून बसली होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दाजी आत आले, ते फक्त औषध द्यायला.

सांगलीतल्या फिल्म सोसायटीचं काम माझी कॉलेजातली मैत्रीण नलिनी बघायची. रविवारी सकाळी त्यांनी एक थिएटर घेतलं होतं, कोरियन सिनेमा होता. तिनं दोन पास दिले होते. मी जाणार नव्हते. आक्काच म्हणाली, "जा की. आन् ह्यांनाबी ने. बाकावर बसून बसून दगूड झालाय त्यांचा."

दाजी कसे तयार झाले, देव जाणे. रिक्षात एकदाच बोलले, "कोरिया म्हंजे कुठलं गं?" मी सांगितलं, चीनच्या पलीकडं. त्यांनी मान हलवली.

थिएटर अर्धं रिकामं आणि गार. सिनेमा सुरू झाला. करडा समुद्र, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, आणि पाण्याची उंची रोज मोजणारा एक मध्यम वयाचा माणूस. टेकडीवरच्या रुग्णालयात एका बाईची आई असते. तिला भेटायला ती दर आठवड्याला बसनं येते. तिची परतीची बस येईपर्यंत दोघं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. तो तिला थर्मासमधला चहा देतो. ती पेला दोन्ही हातांत धरून बसते आणि कॅमेरा हलतच नाही, वाफ विरेपर्यंत. पडद्यावरचं इंग्रजी मी दाजींच्या कानात मराठी करून सांगत होते, पण सांगण्यासारखं फार नव्हतंच. मागचे दोघे कुरकुरत उठून गेले. मला मात्र पहिल्यांदाच त्या दिवसांत नीट श्वास घेता येत होता. कुणी रडत नव्हतं, गात नव्हतं, मला कुणी काही समजावत नव्हतं.

मध्येच वीज गेली. जनरेटर सुरू होईना. आणखी काही लोक काडी ओढून दार शोधत बाहेर गेले. दाजी हलले नाहीत. अंधारात त्यांचा आवाज आला.

"सुमन, डाक्टरनी मला सांगितलंय. आता काय इलाज न्हाई म्हनाले."

 मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

"तुज्या आक्काला बोललो न्हाई. माजं तोंड बगितलं की तिला कळंल, म्हनून भाईर बसतोय."

तेवढ्यात वीज आली, पडदा उजळला. बाई काहीतरी म्हणाली. वाचायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"सांग की," दाजी कुजबुजले, "काय म्हनाली ती?"

मी डोळे पुसून पुढची ओळ पकडली. "आज वारा जास्त आहे म्हणाली."

"तेवडंच?"

"तेवढंच."

ते पुढं झुकून बघत राहिले. शेवटी बाईची आई वारते. बाई बसमध्ये चढते, तो हात वर करतो, आणि दोघांनीही मनातलं काही सांगितलेलं नसतं. मग नुसता चिखल, आणि त्यावर हळूहळू चढत येणारं पाणी.

मिरजेला परतल्यावर दाजी बाकाकडे वळले नाहीत. सरळ आत गेले आणि सुनेला चहाला पाठवून खाटेच्या कडेवर बसले. मी दारातच थबकले.

"कसा हुता पिच्चर?" आक्कानं विचारलं.

"समुद्र हुता," दाजी म्हणाले. त्यांनी पांघरुणाचं टोक सारखं केलं. "डाक्टर म्हनत्यात..."

 आक्कानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"ठावं हाय मला. तुमी भाईर बसाया लागला, तवाच कळलं. कवा आत येताय म्हनून वाट बगत हुते."

मी व्हरांड्यात येऊन त्यांच्या बाकावर बसले.

आठवडाभरानं परत निघाले, तेव्हा दाजी स्टँडवर सोडायला आले. वाटेत खायला भडंग (लसूण-तिखटाचे कुरमुरे) घेऊन दिले. गाडी लागेपर्यंत आम्ही उभे होतो.

"आता ही सारखी बोलत असती," ते म्हणाले. "मी शिमेवर असताना मळ्यात हिर कशी खांदली, पोराला देवी आल्या तवा काय केलं... मला ह्यातलं काय ठावं न्हवतं. रजेवर यायचो, चार दिस ऱ्हायचो, ही आपली गप."

गाडी कृष्णेचा पूल ओलांडून उसाच्या फडांमध्ये शिरली. आभाळ अजून तसंच होतं. एवढ्या संथ, एवढ्या उदास सिनेमानं मला इतकं का धरून ठेवलं, याचा मी वाटभर विचार करत होते. त्या पडद्यावरच्या दोघांना एकमेकांजवळ बसायला भरपूर वेळ होता, आणि तरी त्यांचं बोलायचं राहून गेलं. ते बघताना माझा जीव तुटत होता. दाजींचाही तुटत असणार.

आक्का फाल्गुनात गेली. मी तेराव्याला गेले, तेव्हा दाजी मला एकच वाक्य म्हणाले, "मला वाटायचं, हिला बोलायला काय नसतंच."